बॅटरी बदलण्यापूर्वी तशखीस करा

ज्याच्या दारात मालाची लहान पिकअप उभी नाही असा व्यापारी आज आमच्या बांधवांत शोधावा लागेल. सुताच्या गोण्या आणायच्या, सायझिंगवरून बीम पोहोचवायचे, ग्रे कापडाचे तागे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टाकायचे, ही कामे एके काळी हातगाडीवर होत. आता ती पिकअपवर होतात. म्हणूनच एखाद्या सकाळी सेल्फ मारल्यावर नुसता कट-कट आवाज आला आणि इंजिन हललेच नाही, तर दिवसाचा सगळा बेत कोलमडतो. अशा वेळी आपण काय करतो? बॅटरीवाल्याकडे माणूस पाठवतो. तो नवी बॅटरी बसवतो, आपण पैसे मोजतो आणि विषय संपला असे समजतो. पुष्कळ वेळा तो संपलेला नसतो. हे आम्हाला समजले ते ६,४०० रुपये खर्च करून आणि एका गरीब माणसाचे मन दुखावून. तो सगळा प्रकार येथे मांडतो, म्हणजे इतरांना तरी उपयोग होईल.

आमच्या मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. त्यामुळे आमची पिकअप गुरुवारी रात्री उभी राहिली की एकदम शनिवारी सकाळी हलते. इतर दिवशी ती पंधरा-वीस वेळा सुरू होते आणि बंद होते, पण सगळे मिळून धावते जेमतेम दहा-बारा किलोमीटर. ही माहिती वाचकांना फालतू वाटेल, पण पुढे तिचेच काम पडणार आहे.

२०२४ च्या बकरी ईदला कारखाने चार-पाच दिवस बंद राहिले. सुट्टी संपल्यावर पिकअप सुरू होईना. शेजारच्या गाडीवरून जंपर लावून ती चालू केली. त्यानंतर दोन-तीन शनिवारी तेच झाले. बॅटरीवाल्याने आपले यंत्र लावून पाहिले आणि बॅटरी गेली असे सांगितले. ऑगस्टमध्ये नवी बसवली. दोन-अडीच महिने बरे गेले. मग दिवाळी आली, राजस्थानकडच्या पेढ्या बंद, ट्रान्सपोर्टही बंद, गाडी सहा दिवस उभी. आणि सातव्या दिवशी नव्या बॅटरीवरही तोच कट-कट आवाज.

आता यात कोणाचा तरी दोष असलाच पाहिजे, असे आमच्या मनाने घेतले. बॅटरीवाल्याने जुना माल नवा म्हणून दिला असेल, ही एक शंका. दुसरी शंका ड्रायव्हरवर. तो रात्री गाडीत बसून गाणी ऐकत असेल, मोबाईल चार्जिंगला लावून झोपत असेल, दिवा चालू ठेवून जात असेल. खरे सांगायचे तर ही दुसरी शंका आम्ही ऑगस्टमध्येच पक्की करून टाकली होती. नव्या बॅटरीची निम्मी रक्कम, म्हणजे ३,२०० रुपये, त्याच्या पगारातून महिन्याला ८०० प्रमाणे चार महिने कापली. तो एवढेच म्हणाला, "सेठ, मी काही केलेले नाही." नऊ वर्षे आमच्याकडे असलेला माणूस. आम्ही म्हटले, "मग काय जिन्न येऊन बॅटरी पितात?" हे वाक्य आज लिहिताना लाज वाटते.

जानेवारी २०२५ मध्ये बॅटरीवाला पुन्हा नव्या बॅटरीची गोष्ट करू लागला, तेव्हा आमच्या पुतण्याने आग्रा रोडवरच्या एका तरुण इलेक्ट्रिक मिस्त्रीचे नाव सुचवले. मुलगा आयटीआय शिकलेला, दुकान टपरीएवढे. त्याने आल्या आल्या पाना काढला नाही, आधी विचारले, "चाचा, गाडी किती तास उभी राहिली की बंद पडते?" आम्ही सांगितले. "रोज किती चालते?" तेही सांगितले. मग म्हणाला, "नंतर काय काय बसवून घेतले आहे?" आम्ही म्हटले, स्टिरिओ तेवढा आहे. हे उत्तर अपुरे होते, ते पुढे येईलच.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे रोगाच्या निदानाला आमच्या तोंडी तशखीस हाच शब्द येतो. मालेगावात, मन्सुऱ्याला युनानीचे कॉलेज आहे. तिथला कोणताही हकीम सांगेल की आधी नब्ज, मग सवाल, मग तशखीस आणि सगळ्यात शेवटी नुस्खा. या मुलाचे काम बरोबर त्याच क्रमाने चालले होते. बॅटरीवाल्याने आम्हाला थेट नुस्खा दिला होता, आणि तो आम्हीच मागितला होता.

त्याने जे केले ते नीट सांगतो, कारण यातले निम्मे कोणालाही घरी करता येते.

प्रथम त्याने मीटरने बॅटरीचा व्होल्ट मोजला. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. १२ च्या खाली गेली तर तिच्यात फारसे काही उरलेले नसते. आमची ११.९ होती. गाडी जंपरने सुरू करून पुन्हा मोजले, तर १४.२. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यावे लागते. म्हणजे अल्टरनेटर आपले काम करीत होता. मग त्याने बॅटरी काढून दुकानात नेली, रात्रभर चार्जरवर भरली आणि एक दिवस नुसती फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्यात १२.६ तसेच होते. बॅटरी स्वतः करंट गिळत नव्हती. गाडी तो पीत होती.

ही परीक्षा तर फुकटची आहे. बॅटरी चांगली चार्ज करून घ्यावी. गुरुवारी रात्री, सगळे बंद केल्यावर, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस काढून ठेवावा आणि शनिवारी जोडावा. गाडी चटकन सुरू झाली तर गळती बहुधा गाडीत आहे. तरीही सुरू झाली नाही तर बॅटरीवर शंका घ्यावी. फार तर घड्याळ आणि स्टिरिओची सेटिंग जाईल. पाना असलेला कोणीही हे करू शकतो, आणि आम्ही सात महिन्यांत एकदाही केले नाही.

पुढचे काम मात्र मीटरवाल्याचे आहे. उभ्या गाडीतही थोडा करंट जातच असतो. घड्याळ, इंजिनाच्या कंट्रोलची मेमरी, असल्यास अलार्म. हे सगळे मिळून साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावे. ते मोजण्यासाठी मीटर अँपिअरवर ठेवून, त्याची तार १० अँपिअरच्या भोकात घालून, बॅटरीचा मायनस आणि त्याची केबल यांच्या मध्ये मीटर जोडतात. या स्थितीत सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडतो. आणि अँपिअरवर ठेवलेले मीटर चुकून प्लस-मायनसला लावले तर सरळ शॉर्ट होते. म्हणून ज्याला सवय नाही त्याने हे करू नये.

मुलाने दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने दाबून ठेवली, म्हणजे गाडीला दार बंद आहे असे वाटावे आणि आतला दिवा विझावा. मीटरवर आकडा आला १.८ अँपिअर. आम्ही म्हटले, सापडले! तो म्हणाला, "नाही चाचा, अजून गाडी जागी आहे. हिला झोपू द्या." आजकालच्या गाड्यांतले कंट्रोल किल्ली काढल्यावर लगेच झोपत नाहीत, वीस मिनिटे, अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. घाईत असलेला मिस्त्री पहिला आकडा पाहून भलतीच गोष्ट बदलतो. आमचा चहा होईपर्यंत आकडा खाली येत गेला आणि ०.३२ वर स्थिर झाला. म्हणजे ३२० मिलिअँपिअर, जेथे पन्नासच्या आत असायला हवे होते.

आता हिशेब करा, व्यापाऱ्याला तो जमतो. ०.३२ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला साडेसात अँपिअर-अवरहून जास्त. गुरुवार रात्र ते शनिवार सकाळ, ३६ तासांत साडेअकरा. दिवाळीच्या सहा दिवसांत ४६. आमची बॅटरी ७५ अँपिअर-अवरची. त्यात गाडी रोज दहाच किलोमीटर चालणारी आणि वीस वेळा सेल्फ खाणारी, म्हणजे ती ७५ कधी भरतच नव्हती. गल्ल्यात पैसे कमी येतात आणि तळाला भोक आहे, अशी स्थिती. शिवाय लेड-अॅसिड बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट जमून कडक होते आणि मग ती पुरती भरत नाही. म्हणजे गळतीमुळे बॅटरी खरोखरच खराब होते! बॅटरीवाल्याचे यंत्र खोटे बोलत नव्हते. बॅटरी गेलीच होती, पण ती कोणी मारली हे ते यंत्र सांगत नव्हते.

मुलाने आधी अल्टरनेटरची जाड वायर काढून पाहिली. अल्टरनेटरमधला डायोड खराब झाला तर उभ्या गाडीत तेथून करंट परत वाहतो, आणि ही वायर बहुधा साध्या फ्यूजपेटीतून जात नसल्याने फ्यूज काढून तो दोष सापडत नाही. आकडा हलला नाही. वायर परत लावून मग एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. एक काढला, ३२०. दुसरा, ३२०. पाचवा की सहावा फ्यूज काढताच आकडा एकदम २० वर आला. तो फ्यूज केबिनच्या दिव्याचा आणि स्टिरिओचा होता.

आम्ही लगेच ड्रायव्हरकडे पाहिले. म्हटले, बघ, गाणीच निघाली! तो काही बोलला नाही.

मिस्त्रीने फ्यूज परत घातला आणि स्टिरिओचा प्लग मागून उपटला. गाडी पुन्हा झोपेपर्यंत थांबला. आकडा जवळजवळ तेवढाच, ३१०. स्टिरिओ बेकसूर होता. फ्यूज सापडणे म्हणजे फक्त गल्ली सापडणे. घर अजून शोधायचे असते. त्याने डॅशबोर्ड खोलला. ड्रायव्हर बॅटरी-टॉर्च धरून उभा होता. आत वायरच्या जुडग्यावर काळी टेप गुंडाळलेला एक जोड निघाला आणि त्या जोडाच्या टोकाला, काड्यापेटीहून थोडी मोठी, एक काळी पेटी.

ती पेटी आम्ही लावलेली होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये, डिझेलचा खर्च जास्त दिसला म्हणून, ड्रायव्हर गावी गेला असताना, त्याला न सांगता आम्ही गाडीत जीपीएस ट्रॅकर बसवून घेतला होता. महिनाभर मोबाईलवर पाहिले. गाडी जेथे सांगितले तेथेच जात होती. मग पाहणे सोडले, सिमचे रिचार्जही सोडले आणि पेटीची गोष्ट विसरून गेलो. मिस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे ती पेटी बंद पडलेल्या सिमवर रात्रंदिवस टॉवर शोधत बसली होती, आणि दुरून गाडी बंद करता यावी म्हणून तिच्याबरोबर दिलेली रिले बसवणाऱ्याने अशी जोडली होती की तिच्यात किल्ली काढल्यावरही करंट चालू राहावा. रिलेला हात लावून पाहिला तर ती कोमट होती.

टॉर्च ड्रायव्हरच्याच हातात होती. त्याने पेटी पाहिली, आमच्याकडे पाहिले आणि टॉर्च खाली ठेवली. बदगुमानी हा गुनाह आहे हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण बदगुमानीची वायर अशी डोळ्यांसमोर येऊन पडेल असे कधी वाटले नव्हते. त्याच संध्याकाळी ३,२०० रुपये त्याच्या हातात ठेवले आणि माफी मागितली. त्याने पैसे घेतले. माफ केले असे तोंडाने म्हणाला. मनाचे अल्लाह जाणे.

आता मूळ मुद्द्याकडे. वायर कापून पेटी काढल्यावर मीटरवर १८ मिलिअँपिअर आले. मिस्त्रीने ५०० रुपये मागितले. आणि आम्ही, एवढे सगळे झाल्यावरही, सवयीने म्हटले, "पाचशे कसले? तू तर काहीच नवीन टाकले नाहीस." मुलगा शांतपणे म्हणाला, "चाचा, टाकले नाही म्हणूनच पाचशे. टाकले असते तर सहा हजार झाले असते."

आमच्या बाजाराचा रोग नेमका येथे आहे असे आमचे मत आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. बॅटरीचे साडेसहा हजार कुरकुर न करता दिले, कारण हातात एक जड डबा मिळाला आणि वॉरंटीचे कार्ड मिळाले. ज्याने दोन दिवस डोके लावून दोष काढला त्याच्या पाचशेत मात्र आपल्याला लूट दिसते. मग मिस्त्रीने काय करावे? त्याच्या घरीही मुलेबाळे आहेत. तो पाहतो की मोजत बसले तर चहावर बोळवण होते आणि पार्ट बदलला तर मजुरीही मिळते, दुकानदाराकडून कमिशनही. तो पार्ट बदलायला शिकतो. दहा वर्षांनी आपणच म्हणतो की आता पूर्वीसारखे उस्ताद राहिले नाहीत.

काही बांधव म्हणतील, या भानगडीपेक्षा बॅटरीवर शंभर-दोनशेचा कट-ऑफ स्विच लावा, रात्री फिरवा, झाले. जी गाडी खरोखरच आठ-पंधरा दिवस उभी राहते तिला तो ठीक आहे. पण ३२० मिलिअँपिअर कोठे जातात हे न पाहता तो लावणे म्हणजे ताप उतरवण्याची गोळी खाऊन हिंडणे. आमची गळती पेटीत होती म्हणून थोडक्यात भागले. तीच गळती घासलेल्या वायरीतून असती आणि मागे कापडाचे तागे भरलेले असते, तर? आणखी एक जुनी पद्धत आहे, मायनसमध्ये बल्ब जोडून पाहण्याची. मोठी गळती असेल तर बल्ब पेटतो. आमच्यासारखी लहान गळती त्याला दिसेलच असे नाही, आणि कंट्रोल जागे असताना लावला तर निष्कारण पेटून फसवतो. जुन्या गाड्यांवर ज्यांचा हात बसला आहे त्या उस्तादांनी आता मीटरकडे वळावे, असे आम्ही अदबीने सुचवतो. साधे डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळते.

मिस्त्री बांधवांना आमची एक विनंती आहे. गाडी हातात घेण्याआधी स्पष्ट सांगा की शोधण्याचे इतके आणि दुरुस्तीचे वेगळे. सापडले नाही तर किती घेणार तेही आधीच सांगा. आमच्या मते अशा वेळी निम्मे घेणे इन्साफाचे होईल, कारण वेळ तर गेलाच. आणि मीटरवरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवा, आधीचा आणि नंतरचा. आम्हाला ३२० आणि १८ हे दोन आकडे दाखवले नसते तर आम्ही त्या मुलाचे ५०० कधीच मनापासून दिले नसते.

व्यापारी बांधवांना जे सांगायचे ते आमच्याच धंद्यातून सांगतो. कापडात पट्टी पडली की आपण डॅमेज लिहून विणणाऱ्याची मजुरी कापतो. पट्टी मागाच्या दोषाने पडते, तशीच दोन वेगळ्या लॉटचे सूत एकत्र आल्यानेही पडते, आणि सूत पुष्कळदा आपणच दिलेले असते. जॉबरला बोलावून, ताग्यावर कोठून पट्टी सुरू झाली आणि तेव्हा कोणती गोणी लागली होती हे पाहायला तास-दोन तास लागतात. किती जण पाहतात? आम्हीही पाहत नव्हतो. कापणी लिहिणे सोपे असते, कारण ज्याची कापली जाते तो उलट बोलत नाही.

त्या दिवसापासून आमच्या शनिवारच्या सकाळी सेल्फ पहिल्या झटक्यात लागतो. दिवाळीत बसलेली तीच बॅटरी पुन्हा चार्ज करून वापरली. तिची थोडी ताकद गेली आहे, असे मिस्त्री म्हणाला होता, तरी २०२५ ची बकरी ईद तिने काढली. ड्रायव्हर आमच्याकडेच आहे. मध्यंतरी त्याने विचारले, "सेठ, ती पेटी परत लावायची का? लावायची असेल तर मला सांगून लावा, म्हणजे फ्यूज तरी मी पाहून घेईन." आम्ही नको म्हटले. पेटी अजून गल्ल्याच्या खणात पडलेली आहे.